दख्खनच्या लुटीचा जमाखर्च

२०२४ च्या श्रावणात वाघनखं पाहायला साताऱ्याला गेलो होतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात रांग होती. माझ्यापुढे एक आजोबा आणि त्यांचा नातू. काचेपाशी पोचल्यावर मुलानं विचारलं, "आजोबा, ही आपलीच ना? मग तीन वर्षांनी परत का द्यायची?" आजोबांनी मागं वळून माझ्या हातातली वही पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, तुम्हीच सांगा बघू याला."

मी मास्तर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, तीस वर्षं इतरांचे जमाखर्च लिहिण्यात गेली. इतिहासाचा नाद नंतर लागला, आणि मोडी तर पन्नाशी उलटल्यावर शिकलो. त्या दिवशी मी त्या पोराला "कायदा तसा आहे बाळा" एवढंच सांगितलं. परतीच्या एसटीत मात्र ते उत्तर मला टोचत राहिलं. कोणता कायदा? कुणाचा? हिशेब लिहिणाऱ्या माणसाला एक सवय असते. वस्तू वहीत आली की ती कुठल्या खात्यानं आली, हे तो आधी पाहतो. खरेदी, बक्षीस, उसनवार की आणखी काही. तो रकाना पाहायचं ठरवलं आणि वर्षभर त्यात अडकून पडलो.

वाघनखांपासूनच सुरुवात करू. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे ती ग्रँट डफच्या वंशजाकडून आली. जेम्स ग्रँट डफ १८१८ पासून साताऱ्याला कंपनीचा रेसिडेंट होता. १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच हा. नखांसोबत एक पेटी आहे आणि पेटीवर इंग्रजी मजकूर आहे. शिवाजीनं ज्या वाघनखांनी मुघल सेनापतीला मारलं ती ही, आणि साताऱ्याचा रेसिडेंट असताना ग्रँट डफला ती पेशव्यांच्या पंतप्रधानानं दिली, असा त्याचा आशय. आता अफझलखान मुघलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार, हे शाळकरी पोरही सांगेल. पेशवा म्हणजेच पंतप्रधान. मग पंतप्रधानाचा पंतप्रधान कोण, हे तो मजकूर लिहिणाराच जाणे. हीच ती नखं, याची खातरजमा करता आलेली नाही, असं खुद्द त्या संग्रहालयानं आपल्या नोंदीत प्रामाणिकपणे म्हटलं आहे. आपल्याकडे यावरून वाद झाले. मला त्या वादात फारसा रस नाही. माझं लक्ष गेलं ते मजकुरातल्या एका क्रियापदाकडे. 'दिली'. राज्य नुकतंच बुडालेलं, गडागडावर कंपनीच्या पलटणी, अशा वेळी कुणीतरी इंग्रज अधिकाऱ्याला काहीतरी 'देतो'. वहीत ते बक्षीस खाती जमा होतं आणि दोनशे वर्षं तसंच राहतं.

वस्तूंच्या बाबतीत 'दिली' म्हणून भागतं. खजिन्याच्या बाबतीत मात्र इंग्रजांनी असला आडपडदा ठेवला नाही. १८१७–१८ च्या मराठा युद्धात सापडलेल्या मालमत्तेला त्यांच्या कागदात सरळ 'दख्खनची लूट' असंच नाव आहे आणि त्या लुटीचा चोख हिशेब ठेवलेला आहे. आपण लूट म्हणतो तेव्हा डोळ्यापुढे धावपळ, आरडाओरडा, फोडलेल्या पेट्या येतात. इथं तसं नव्हतं. इंग्रजी कायद्याप्रमाणे युद्धात हाती आलेली चीजवस्तू आधी राजाची. राजा मग हुकूमनाम्यानं ती सैन्याला बहाल करणार. त्यासाठी सैन्यात लुटीचे खास कारभारी नेमलेले असत. ते माल गोळा करत, लिलाव करत, रोकड मोजत. मग सेनापतीपासून शिपायापर्यंत हुद्द्याप्रमाणे वाटणी.

या वाटणीवरून भांडण जुंपलं. मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल, त्याच्या हाताखाली बंगालची मोठी फौज. सर थॉमस हिस्लॉपच्या हाताखाली दख्खनची फौज; महिदपूरची लढाई त्याचीच. पेशव्यांचा खजिना कुणी धरला? ज्या पलटणी प्रत्यक्ष तिथं होत्या त्यांचा तो, की मोहिमेत असलेल्या सगळ्यांचा? प्रकरण लंडनला गेलं आणि वर्षानुवर्षं चाललं. शेवटी लुटीच्या पैशावर दोन विश्वस्त नेमले गेले. एक चार्ल्स आर्बथनॉट आणि दुसरा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. विश्वस्तांवरही दावे झाले. १८३१ चा एक खटला तर ड्यूकच्याच नावावर आहे.

वेलिंग्टनचं नाव वाचून मी वही खाली ठेवली. आर्थर वेलस्ली आपल्याला परका नाही. १८०३ साली त्यानं अहमदनगरचा किल्ला घेतला, आसईला शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. पण माझ्या मनात आला तो त्याचा १८१५ सालचा एक कागद.

वॉटर्लूनंतर नेपोलियन संपला तेव्हा पॅरिसच्या लूव्हरमध्ये युरोपभरातून आणलेली चित्रं आणि पुतळे खच्चून भरलेले होते. रोम, व्हेनिस, नेदरलंड्स, प्रशिया, जिथं फ्रेंच फौजा गेल्या तिथून उचललेले. यातल्या कित्येक वस्तू करारानं घेतलेल्या होत्या. पोपनं १७९७ च्या तोलेंतिनोच्या तहावर सही करून आपल्या कलाकृती देऊ केल्या होत्या. फ्रेंचांचं म्हणणं साधं होतं: तह आहे, सही आहे, तेव्हा माल आमचा. इंग्रजांचा परराष्ट्रमंत्री कॅसलरे आणि सेनापती वेलिंग्टन यांनी ते मानलं नाही. तलवारीच्या धाकाखाली घेतलेल्या सहीला काय अर्थ, आणि प्रत्येक देशाच्या कलावस्तू त्या त्या देशातच असाव्यात, असा त्यांच्या बाजूचा रोख. सप्टेंबर १८१५ मध्ये वेलिंग्टननं कॅसलरेला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. वस्तू परत करणं न्यायाचं आहेच, शिवाय फ्रेंच लोकांना त्यातून एक नैतिक धडाही मिळेल, असं तो त्यात म्हणतो. बऱ्याच वस्तू परत गेल्या. व्हेनिसच्या सेंट मार्कचे चार घोडेही गेले. (ते व्हेनिसकरांनी १२०४ साली कॉन्स्टँटिनोपल लुटून आणलेले होते, पण तेवढं मागं कुणी गेलं नाही.)

म्हणजे १८१५ मध्ये पॅरिसला लूट परत करवणारा वेलिंग्टन आणि पुढच्या दहा वर्षांच्या आत दख्खनच्या लुटीच्या वाटणीचा विश्वस्त वेलिंग्टन, ही एकच व्यक्ती. मला यात त्या माणसाची लबाडी दाखवायची नाही. तो आपल्या जगाच्या नियमानं दोन्हीकडे काटेकोर वागला असेल. पण या विषयावर बोलताना "त्या काळात सगळीकडे तसंच चालायचं, आजच्या फूटपट्टीनं मोजू नका" असं जे हमखास ऐकवलं जातं, ते आता मला पटत नाही. परत करण्याची फूटपट्टी त्या काळातही होती. ती युरोपात वापरली गेली आणि सुएझच्या अलीकडे कुणी ती आणली नाही.

आता एक खटला सांगतो. माझे एक निवृत्त वकील स्नेही आहेत. त्यांनी जुन्या ग्रंथालयातून नॅपच्या प्रिव्ही कौन्सिल निकालांचा पहिला खंड काढून दिला आणि म्हणाले, "तुमचं सगळं यात आहे." एल्फिन्स्टन विरुद्ध बेद्रीचंद, १८३०. नावं पाहा: अपील करणारे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि पुण्याचा कलेक्टर कॅप्टन रॉबर्टसन, आणि समोर अमरचंद बेद्रीचंद नावाचा एक सावकार. हा सावकार ज्याच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक होता त्या माणसाचं नाव निकालपत्रात 'नरोबा गोविंद औटिया' असं छापलंय. मराठीत औटी म्हणायला हवं. हा पेशव्यांच्या पदरचा, रायगड ज्याच्या ताब्यात होता असा माणूस. मे १८१८ मध्ये रायगड पडला. किल्ला खाली करून देताना जे तहाचे करार झाले, त्यांचा लाभ याला नाकारण्यात आला. मात्र पुण्यात स्वतःच्या घरी पहाऱ्यात राहायची परवानगी मिळाली. आणि मग त्या घरातून रॉबर्टसननं, एल्फिन्स्टनच्या अधिकारानं, त्याची मालमत्ता जप्त केली.

पुणं तेव्हा कित्येक महिने इंग्रजांच्या निर्वेध ताब्यात होतं. शनिवारवाड्यावर नोव्हेंबर १८१७ मध्येच निशाण चढलं होतं. शहरात त्यांचीच न्यायालयं भरत होती. लढाई दूर, आणि हा माणूस कैदेतच. मुंबईच्या सुप्रीम कोर्टानं सावकाराच्या बाजूनं निकाल दिला. हे कोर्टही इंग्रजांचंच, हे लक्षात ठेवायला हवं. प्रिव्ही कौन्सिलनं तो फिरवला. युद्ध पेटलेलं नसलं तरी पुरतं विझलेलंही नव्हतं. तेव्हा ही शत्रूच्या मालाची जप्ती. आणि अशा जप्तीचा न्याय दिवाणी कोर्टानं करायचा नसतो. काही वावगं झालं असेल तर सरकारकडे दाद मागावी. निकालाचं सार एवढंच.

नंतरच्या काळात राज्यकारभाराची कृती कोर्टाच्या कक्षेबाहेर ठेवणारी जी निकालांची मालिका इंग्रजी कायद्यात उभी राहिली, तिच्या पायात आपल्या या पुण्यातल्या घराची वीट आहे. आणि आज दोन शतकांनंतर परतफेडीचा विषय निघाला की जाणकार आपल्याला तेच सांगतात. कोर्टात जाऊन उपयोग नाही, सरकारांनी आपसात बोलावं.

आंतरराष्ट्रीय कायद्याचं काय, असं कुणी विचारेल. मीही मोठ्या आशेनं तिकडे गेलो. युनेस्कोचा १९७० चा करार आहे. भारतानं तो १९७७ साली स्वीकारला, ब्रिटननं २००२ साली. त्याचं अकरावं कलम वाचून मी उठूनच बसलो: परक्या सत्तेनं देश व्यापलेला असताना दडपणाखाली झालेली सांस्कृतिक वस्तूंची निर्यात आणि हस्तांतर बेकायदा मानलं जाईल. पण हा करार मागील काळाला लागू नाही. करार लागू होण्याआधी बाहेर गेलेल्या वस्तूंसाठी देशांनी हवं तर आपसात वेगळे करार करावेत, एवढी वाट पंधराव्या कलमात ठेवली आहे. म्हणजे पुन्हा सरकारांनी आपसात बोलावं. १९९५ चा युनिड्रॉ करार खाजगी मालकालाही हात घालतो, पण तोही पुढच्याच काळासाठी; शिवाय भारत आणि ब्रिटन दोघंही त्यात सामील नाहीत. जुन्या घटनेला जुनाच कायदा लावायचा, हे तत्त्व पाल्मास बेटाच्या १९२८ च्या लवादात माक्स हूबर यांनी मांडलं आणि ते सगळीकडे दाखवलं जातं. त्याच निवाड्याचा दुसरा अर्धा भाग कमी वेळा दाखवला जातो. हक्क निर्माण कसा झाला हे त्या काळच्या कायद्यानं ठरवा. पण तो पुढे टिकतो का, हे कायद्याच्या पुढच्या वाटचालीवर अवलंबून राहील, असं हूबर तिथं म्हणतात. आमच्या धंद्यात सांगायचं तर, सुरुवातीची शिल्लक बरोबर असली म्हणून दरवर्षीचा ताळेबंद आपोआप बरोबर होत नाही.

वाघनखांच्या बाबतीत तर ब्रिटनचा स्वतःचाच कायदा आडवा येतो. १९८३ च्या नॅशनल हेरिटेज कायद्यानं त्या संग्रहालयाच्या विश्वस्तांचे हात बांधले आहेत. मोजके अपवाद सोडले तर संग्रहातली वस्तू त्यांना देऊन टाकता येत नाही. म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं लंडनमध्ये करार केला तो तीन वर्षांच्या उसनवारीचा. नातवाला द्यायचं खरं उत्तर हे होतं.

नागपूरकर भोसल्यांच्या तलवारीची गोष्ट आणखी वेगळी. सेनासाहेबसुभा रघुजी भोसले पहिले यांची ती तलवार. पातं युरोपीय धाटणीचं, त्यावर सोन्याच्या अक्षरांत देवनागरीत त्यांचं नाव. एप्रिल २०२५ मध्ये ती लंडनच्या लिलावात आली. राज्य सरकारनं मध्यस्थामार्फत ४७ लाख १५ हजार रुपयांना ती घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबईला आणली. विमानतळावर ढोलताशे वाजले. आनंद मलाही झाला, खोटं कशाला बोलू. पण नागपूरचं राज्य खालसा झाल्यावर १८५४ च्या सुमारास तिथल्या राजवाड्याचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला विक्रीला काढले होते, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात धाडलं होतं, आणि वाड्यातलं सामान हलवाल तर वाडा पेटवून देईन असं वृद्ध बाकाबाई म्हणाल्या होत्या. ही हकिकत खुद्द जॉन के या इंग्रज इतिहासकारानं लिहून ठेवली आहे. ही तलवार त्याच विक्रीत गेली असं मी म्हणत नाही. सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतरही बरंच काही गेलं होतं. पण ज्या घराण्याची दौलत एकदा हातोड्याखाली गेली, त्याची तलवार परत आणायला हातोड्याखालीच जावं लागलं, आणि या खेपेला पैसे आपण मोजले.

वाघनखं उसनी, तलवार विकत. राहिला हिरा.

'नासक' हे नाव इंग्रजांनी नाशिकवरून दिलं. दख्खनच्या लुटीतला हा सगळ्यात नामांकित नग. ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्यामार्फत तो हेस्टिंग्जकडे गेला आणि लंडनच्या बाजारात रंडेल आणि ब्रिज या जवाहिऱ्यांनी घेतला. तेव्हा वजन सुमारे ८९ कॅरट. हिंदुस्थानी घडणावळ त्यांना बेढब वाटली. त्यांनी तो घासला आणि तो सुमारे ८० वर आला. १८३७ साली वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसकडे गेला. विसाव्या शतकात अमेरिकेत पोचल्यावर त्याच्यावर जकातीचा खटला झाला. आणणाऱ्याचं म्हणणं, ही शंभर वर्षांपूर्वीची कलात्मक पुराणवस्तू, जकात माफ. वरच्या कोर्टानं १९३० साली ते फेटाळलं: पैलू पाडलेला, कोंदणात न बसवलेला खडा, भरा जकात. १९४० मध्ये न्यू यॉर्कच्या हॅरी विन्स्टननं तो घेतला आणि पुन्हा पैलू पाडले. आता वजन ४३.३८ कॅरट. १९७० च्या लिलावात पाच लाख डॉलर, आणि १९७७ पासून मुआवाद या लेबनानी जवाहिरी घराण्याकडे. अर्ध्याहून अधिक हिरा आज कुठेच नाही, त्याची भुकटी झाली. तेव्हा 'परत आणा' म्हणताना नेमकं काय परत आणायचं, हा प्रश्न मला खरंच पडतो.

पण जमाखर्चाची खरी मेख या हिऱ्यातच आहे. तो कुणाचा? तो त्र्यंबकेश्वराच्या अंगावर होता, अशी कथा. ती मला एडविन स्ट्रीटरच्या १८८२ च्या पुस्तकात मिळाली. म्हणजे घटनेनंतर चौसष्ट वर्षांनी, आणि लिहिणारा जवाहिऱ्या. जवाहिऱ्याला दगडामागे देव असलेला हवाच असतो, किंमत वाढते. म्हणून नुसत्या त्या कथेवर मी विसंबणार नाही. हिरा बाजीरावाच्या खाजगी जवाहिरातला असेल तर त्या काळच्या इंग्रजी कायद्यानं तो सरळ लूट ठरतो आणि बेद्रीचंदचा निकाल दार लावून घेतो.

देवाचा असेल तर मात्र हिशेब उलटतो. एल्फिन्स्टनचा ११ फेब्रुवारी १८१८ चा साताऱ्याचा जाहीरनामा आठवा. पेशवाई संपल्याचं सांगताना त्यानं वतनं, इनामं आणि देवस्थानं, धर्मादाय यांचं संरक्षण होईल, असा शब्द रयतेला दिला होता. त्र्यंबकचा किल्ला पडला एप्रिलमध्ये, म्हणजे शब्द दिल्यानंतर. देवाचा दागिना त्यानंतर उचलला गेला असेल तर तो आजच्या फूटपट्टीनं नव्हे, एल्फिन्स्टनच्याच जाहीरनाम्यानं चुकीचा. शिवाय देव मालक होऊ शकतो. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलनंच, कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याच्या खटल्यात, देवमूर्ती ही कायद्यानं व्यक्ती आहे, असं मान्य केलं. आणि १९९१ साली लंडनच्या अपील कोर्टानं तामिळनाडूतल्या पत्तूरच्या पडक्या देवळाला दावेदार मानलं. तिथला चोरीला गेलेला नटराज त्याच वर्षी भारतात आला. ती चोरी १९७० नंतरची, हे खरं. पण दोनशे वर्षांत वारस मरतात, घराणी संपतात, राज्यं बुडतात. त्र्यंबकेश्वर मात्र जागेवर आहे.

यातून हिरा परत येईल असं मला वाटत नाही. खाजगी माणसाच्या तिजोरीत, सहा-सात वेळा विकला गेलेला, दोनदा कापलेला. माझी मागणी त्याहून लहान आहे. दख्खनच्या लुटीचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. घेणाऱ्याची वही तिकडे, देणाऱ्याची वही इकडे पुण्याच्या पेशवे दप्तरात. दोन्ही समोरासमोर ठेवून कुठली वस्तू, कुणाकडून, कुठल्या दिवशी गेली याचा ताळा अजून कुणी घेतलेला नाही, निदान मराठीत तरी नाही. नेदरलंड्सनं २०२३ मध्ये लोंबोकच्या खजिन्यातल्या ३३५ वस्तू इंडोनेशियाला परत केल्या. १८९४ च्या मोहिमेत डच फौजेनं त्या उचलल्या होत्या. तिथं कायदा बदलून पूर्वलक्षी झाला नव्हता. आधी वस्तू कशा आल्या याचा छडा लावला गेला, आणि मर्जीविरुद्ध गेल्या असतील तर द्यायच्या, असं त्यांच्या सरकारनं धोरण ठरवलं. आपण मात्र घोषणा आधी देतो आणि यादी नंतर शोधतो. कोहिनूरच्या वेळी २०१६ साली आपल्याच सॉलिसिटर जनरलनी सर्वोच्च न्यायालयात तो चोरलेला किंवा जबरदस्तीनं नेलेला नाही असं सांगितलं, आणि दोन दिवसांत सरकारला सारवासारव करावी लागली.

दिवाळी अंकाचा मजकूर द्यायची मुदत जवळ आली तेव्हा मी पुण्याला होतो. पुराभिलेखागारात रुमाल मागवायचा अर्ज असतो, त्यात 'प्रयोजन' असा एक रकाना आहे. मी लिहिलं: त्र्यंबकेश्वर देवस्थानच्या दागिन्यांची यादी, शके १७४० पूर्वीची. पलीकडच्या लिपिकानं अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "दप्तर मोठं आहे हो. सोमवारपासून या, डबा घेऊन या."